पाखराला मीठ चालते काय?

मराठी माणसाच्या बोलण्यात मिठाचा वापर सढळ आहे. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, साधीच बातमी मीठमिरची लावून सांगतो, लहान मुलाची दृष्ट काढताना मीठमोहऱ्या ओवाळतो आणि ज्या भाषणात राम नाही त्याला अळणी म्हणतो. 'मीठ' हा शब्दही 'मृष्ट', 'मिष्ट' या संस्कृत शब्दांच्या कुळातला, म्हणजे मुळात रुचकर या अर्थाचा. अशा या पदार्थावर कधी संशय घ्यावा लागेल असे मला वाटले नव्हते. मागल्या उन्हाळ्यात तो घ्यावा लागला, आणि मिठाबरोबर स्वतःवरही घ्यावा लागला.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, हे काम सायन्सवाल्यांचं. भूगोलाच्या मुलीने पाखरांच्या मिठाची उठाठेव कशाला करावी?" तिचे म्हणणे खोटे नाही. परंतु प्रश्न घरात उभा राहिला की तो कोणत्या शाखेचा आहे हे पाहत बसता येत नाही. शिवाय या प्रश्नाचा एक धागा पुढे थेट भूगोलात येऊन पोचला, तो कसा हे वाचकांना दिसेलच.

घडले ते असे

आमच्या घरी पक्ष्यांची एक जोडी होती, एक हिरवा नर आणि एक निळी मादी. बाजारात त्यांना 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. पण हे खरे लव्हबर्ड नव्हेत. लव्हबर्ड मूळचे आफ्रिकेकडचे. हे ऑस्ट्रेलियातले बजरीगर. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८४० साली ते जिवंत इंग्लंडात आणले आणि तेथून ते जगभरच्या पिंजऱ्यांत पसरले. पूर्ण वाढलेला बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅम वजनाचा असतो. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे.

अकोल्याकडचा उन्हाळा ज्याने भोगला त्याला त्याचे वर्णन सांगायला नको. वैशाखात पारा ४४ अंशांवर गेला. दुपारी दोन्ही पाखरे पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी टाकून धापा टाकू लागली. मला त्यांची दया आली. आपल्याला ऊन लागले की आई मीठसाखरेचे पाणी देते, मग यांना का नको? मी पिंजऱ्यातल्या पाण्याच्या वाटीत एक चिमूट मीठ आणि दोन चिमटी साखर टाकली. आजी ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "काहून मीठ टाकतं वं पोरी? पाखराले मीठ चालत नाही. पखं झडतात त्याचे." मी हसले. मिठाने पिसे झडतात हे कोणत्या पुस्तकात आहे, असे मनात म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच पाणी भरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी निळी पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसली. खालचा कागद पाण्याने भिजल्यासारखा ओला होता. तिला दांडीवर ठेवले तर तोल राहीना. मान थरथरत होती. जनावरांच्या दवाखान्यात घेऊन जाईपर्यंत ती गेली होती. तेथल्या डॉक्टरांनी शांतपणे सगळे विचारून घेतले, आणि पाण्यात काय घातले होते हे ऐकल्यावर एवढेच म्हणाले, "बेटा, उन्हानेही पाखरे मरतात. पण दुसऱ्याचे पाणी आधी जाऊन बदल." मी घरी येऊन पाणी बदलले. हिरवा वाचला, आजही आहे.

निळी उन्हाने गेली की मिठाने, हा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, विचारले आणि मोजले ते येथे मांडते.

मिठावाचून कोणाचेच चालत नाही

पहिली गोष्ट अशी की मीठ हे विष नव्हे. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचे संयुग. वजनाने त्यात सोडियम शेकडा ३९ भाग असते. प्राण्याच्या शरीरात पेशींबाहेरच्या पाण्याचा तोल सोडियम सांभाळते. मज्जातंतूंमधून संदेश जाणे, स्नायू आकुंचन पावणे, हृदयाचा ठोका पडणे या सर्व क्रियांना ते लागते. पाखरू याला अपवाद नाही. कोंबड्यांच्या खाद्यात मीठ कमी पडले तर पिलांची वाढ खुंटते, अंडी कमी होतात आणि कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. म्हणूनच कुक्कुटपालक खाद्यात हिशेबाने मीठ मिसळतात. हे प्रमाण साधारणतः एक किलो खाद्याला ३ ग्रॅमच्या आसपास असते.

तेव्हा 'पाखराला मीठ चालत नाही' हे आजीचे विधान जसेच्या तसे खरे नाही. मीठ लागते, किती लागते एवढाच प्रश्न आहे.

पिंजऱ्यातल्या पोपटवर्गीय पक्ष्यांच्या तयार खाद्यात सोडियम शेकडा ०.१२ ते ०.१५ असावे असे धरतात. हा अंदाज बराचसा कोंबड्यांवरून बांधलेला आहे. अंडी न घालणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या पाखराला याहून कमीही पुरते. तरी हाच आकडा धरू. बजरीगर दिवसाला सुमारे ६ ग्रॅम दाणा खातो. त्याचे शेकडा ०.१२ म्हणजे ७ मिलिग्रॅम सोडियम, म्हणजेच सुमारे १८ मिलिग्रॅम मीठ. एक ग्रॅमचे हजार भाग केले तर त्यांतले अठरा. नखाच्या टोकावर मिठाचे काही कण मावतील तेवढेच.

पाखराचे मूत्रपिंड

जास्त झालेले मीठ शरीराबाहेर टाकायचे काम मूत्रपिंडाचे. माणसाचे मूत्रपिंड रक्ताच्या सुमारे चौपट दाट मूत्र तयार करू शकते, म्हणजे थोड्या पाण्यात बरेच क्षार बाहेर जातात. पक्ष्यांचे तसे नाही. त्यांच्या मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका दोन प्रकारच्या असतात. काही सस्तन प्राण्यांसारख्या, तर बऱ्याचशा सरपटणाऱ्या प्राण्यांसारख्या साध्या; त्यांना मूत्र दाट करण्याची युक्ती साधत नाही. त्यामुळे बहुतेक पक्ष्यांचे मूत्र रक्ताच्या दुप्पट-अडीचपटीपेक्षा फारसे दाट होत नाही. नत्राचा मळ ते पांढऱ्या युरिक आम्लाच्या रूपाने, फारसे पाणी न घालवता बाहेर टाकतात. पाण्याची ही काटकसर कोरड्या प्रदेशात फार उपयोगी पडते. पण मिठाच्या बाबतीत तिचा उपयोग नाही. मीठ बाहेर टाकायचे तर पाखराला पाणी घालवावेच लागते.

म्हणजे मीठ जास्त झालेले पाखरू आधी खूप पाणी पिते, त्याची विष्ठा पाण्यासारखी पातळ होते, आणि गोडे पाणी भरपूर मिळाले तर पुष्कळदा ते सावरते. पाणी न मिळाले, किंवा मिळणारे पाणीच खारट असले, तर रक्तातले सोडियम वाढत जाते. ते मेंदूच्या पेशींमधले पाणी ओढून घेते. मग अशक्तपणा, तोल जाणे, थरथर, झटके आणि मृत्यू. निळीच्या पिंजऱ्यातला तो ओला कागद मला हे वाचताना आठवला.

समुद्रावरची पाखरे कशी जगतात?

येथे कोणी विचारील, समुद्रावरचे कुरव पक्षी तर खारे पाणीच पितात, ते का मरत नाहीत? शास्त्रज्ञांनाही हे कोडे पडले होते. १९५७ साली क्नुट श्मिट-नील्सेन या शास्त्रज्ञाने पाणकावळ्यावर प्रयोग करून ते सोडवले. समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर, कवटीतल्या खोबणीत, एक ग्रंथी असते. ती रक्तातले मीठ वेचून समुद्राच्या पाण्याहूनही खारट द्राव तयार करते. तो नाकपुड्यांतून चोचीवर येतो आणि पक्षी डोके झटकून ते थेंब उडवतो. पुढे एका कुरवाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके समुद्राचे पाणी पाजून पाहिले. तीन तासांत त्याने जवळजवळ सगळे मीठ बाहेर टाकले, आणि त्यातले बहुतेक या ग्रंथीवाटे गेले. आपल्या ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांनाही ही ग्रंथी असते.

कोकणच्या किनाऱ्यावर कुरव पाहून 'पाखराला खारे पाणी सोसते' असा सिद्धांत कोणी काढला तर तो कुरवापुरता खरा. आपल्या पिंजऱ्यातले पोपट, बजरीगर, मुनिया यांच्याजवळ अशी कामाची ग्रंथी नाही. त्यांची सगळी भिस्त त्या साध्या मूत्रपिंडावर आणि गोड्या पाण्यावर.

मातीसाठी भांडणारे पोपट

आता उलट बाजूचा पुरावा, आणि येथे माझ्या विषयाचा धागा येतो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या आग्नेय भागात, तांबोपाता नदीच्या काठी, मातीचे उंच कडे आहेत. तेथे रोज पहाटे शेकडो मकाव आणि पोपट जमतात आणि माती खातात. स्थानिक लोक अशा जागेला 'कोल्पा' म्हणतात. एकेका थरासाठी पोपटांत चक्क भांडणे होतात.

ते माती का खातात याविषयी दोन मते पुढे आली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की ही चिकणमाती कच्च्या बियांमधली विषारी द्रव्ये पोटात बांधून ठेवू शकते. पुढे २००४ साली डोनाल्ड ब्राइटस्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्याने पोपटांनी खाल्लेले थर आणि न खाल्लेले थर यांची तुलना केली. पोपट निवडत होते ते थर सोडियम जास्त असलेले होते. नंतरच्या अभ्यासांनीही याच बाजूला पुष्टी दिली. विणीच्या दिवसांत माती खाणे वाढते आणि पिलांनाही ती भरवली जाते.

भूगोल असा की समुद्रावरून येणारे वारे आणि पाऊस आपल्याबरोबर मिठाचा अंश आणतात. किनाऱ्यापासून जसजसे आत जावे तसतसा तो कमी होतो. पश्चिम अॅमेझॉनचे हे अरण्य, जिकडून पावसाचे वारे येतात त्या अटलांटिकपासून फार दूर आहे. शिवाय सततच्या पावसाने जमिनीतले क्षार धुऊन जातात. त्यामुळे तेथल्या झाडांत, फळांत, बियांत सोडियम अत्यल्प असते. ज्या प्राण्याला ते हवे त्याने मातीतून मिळवावे.

यातून दोन धडे मिळतात. पोपटाला मिठाची भूक असते, हा पहिला. ती भूक अत्यल्प मिठाच्या जगात घडलेली आहे, हा दुसरा. मीठ दुर्मिळ होते म्हणून पाखराला ते आवडते. आवडते म्हणून ते हवे तितके द्यावे असा त्याचा अर्थ होत नाही. शेजारची लहान मुले वेफर दाखवतात तेव्हा हिरवा पिंजऱ्याच्या तारेला बिलगतो. 'बघा, त्याला किती आवडते!' असे सगळे म्हणतात. आवड आणि गरज यांतला हा फरक मला पेरूतल्या पोपटांनी शिकवला.

पाखराला घाम नसतो

आता माझ्या चुकीच्या मुळाशी येते. मीठसाखरेचे पाणी माणसाला उन्हाळ्यात का द्यायचे? आपल्याला घाम येतो आणि घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. गेलेले पाणी आणि गेलेले मीठ दोन्ही भरून काढावे लागते. परंतु पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. तो धापा टाकतो. श्वासमार्गाच्या ओल्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते आणि अंग थंड होते. वाफ होते ती नुसत्या पाण्याची. मीठ मागेच राहते.

म्हणजे ४४ अंशांच्या दुपारी माझ्या पाखरांच्या अंगातले पाणी कमी होत होते आणि रक्त आपोआपच अधिक खारट होत होते. त्यांना हवे होते थंड, गोडे पाणी. मी त्या वेळी वाटीत मीठ टाकले. माणसाचे दुःख पाखराच्या अंगी कल्पून माणसाचेच औषध त्याला दिले. दया होती, पण आपण कोणावर दया करतो आहोत त्याची माहिती नव्हती.

चिमूट तोलली

मी किती मीठ टाकले होते? 'चिमूटभर' हे उत्तर स्वयंपाकघरात चालते, हिशेबात चालत नाही. आमच्या गल्लीतल्या सोनाराच्या नाजूक काट्यावर मी माझ्या चिमटीने घेतलेले मीठ पाच वेळा तोलून घेतले. (त्यांनी प्रथम चेष्टा केली, कारण ऐकल्यावर मात्र स्वतःच काटा पुसून दिला.) कधी ०.३ ग्रॅम भरले, कधी ०.५, सरासरी ०.४ ग्रॅम निघाली. वाटीत पाणी मावते ४० मिलिलिटर. म्हणजे पाण्यात मीठ शेकडा १ भाग.

हे प्रमाण किती? दवाखान्यात शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये मीठ शेकडा ०.९ असते, कारण ते रक्ताशी जुळवलेले असते. घरी जलसंजीवनी करताना लिटरभर पाण्यात अर्धा चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम मीठ घालतात. ते प्रमाण शेकडा ०.३ होते. माझे पाणी जलसंजीवनीच्या तिपटीहून अधिक खारट होते, सलाइनहूनही थोडे वरचढ. भांडे लहान झाले की चिमूट लहान होत नाही, ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

पाखरांनी प्याले किती? त्या दिवशी वाटी निम्मी झाली होती, म्हणजे २० मिलिलिटर गेले. नंतर तशाच एका तापलेल्या दिवशी तीच वाटी पिंजऱ्याबाहेर ठेवून पाहिली, तेव्हा सुमारे ६ मिलिलिटर नुसत्या वाफेने उडाले. उरलेले १४ दोघांत वाटले तर प्रत्येकी ७. त्यात मीठ ७० मिलिग्रॅम. गरज होती फार तर १८ ची. पाखराचे वजन ३५ ग्रॅम धरले तर हे किलोमागे २ ग्रॅम झाले. साठ किलोच्या माणसाने दिवसात १२० ग्रॅम, म्हणजे सुमारे वीस चहाचे चमचे, मीठ खाण्यासारखे हे आहे. आणि ते सलग दोन दिवस.

मीठ किती झाले की पाखरू मरते याची माहिती थंड देशांतून मिळते. तेथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात आणि ते कण टिपणारे पक्षी मेलेले आढळतात. त्यावरून कॅनडात चिमण्यांवर अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. एका वेळी दिलेले मीठ किलो वजनामागे सुमारे ३ ग्रॅम झाले की निम्म्या चिमण्या मरतात, असे त्यात दिसले. बजरीगर चिमणी नव्हे, आणि दिवसभर थोडे थोडे पिणे म्हणजे एकदम खाणे नव्हे. तरीही २ आणि ३ हे आकडे शेजारीशेजारी ठेवल्यावर मला त्या रात्री झोप आली नाही.

पण कोंबड्यांना तर देतात!

हा हिशेब मी आमच्या वर्गातल्या एका मित्राला दाखवला. त्याच्या वडिलांचा कुक्कुटपालनाचा व्यवसाय आहे. तो म्हणाला, "आमच्याकडे तर उन्हाळ्यात कोंबड्यांच्या पाण्यात क्षारांची पूड घालतात. मग ते कसे?" हा आक्षेप महत्त्वाचा आहे, त्याला बगल देता येत नाही.

फार धापा टाकल्याने पक्ष्याच्या रक्तातला कर्बवायू कमी होतो आणि रक्ताचा आम्ल-अल्कली तोल बिघडतो. विष्ठेवाटे पोटॅशियमही अधिक जाते. ते भरून काढण्यासाठी ही पूड असते. तिच्यात नुसते मीठ नसून पोटॅशियमचे क्षार, खाण्याचा सोडा वगैरे असतात. ती किती लिटर पाण्याला किती ग्रॅम हे पाकिटावर छापलेले असते आणि ती ठराविक वेळच देतात. शिवाय कोंबडी दोन किलोची. चूक झालीच तर सोसायला तिच्याजवळ पन्नाससाठपट शरीर आहे. तेव्हा मित्राचे उदाहरण माझ्याविरुद्धच साक्ष देते. त्याचे वडील मोजून देत होते, मी चिमटीने दिले. पिंजऱ्यातल्या लहान पक्ष्याला असे काही द्यायचेच असेल तर ते पशुवैद्याने सांगून, मोजून द्यावे. आपल्या मनाने नव्हे.

आपल्या ताटातले मीठ

पाण्यात मीठ घालणारे माझ्यासारखे थोडेच असतील. परंतु ताटातला घास पिंजऱ्यात टाकणारे घरोघर आहेत. आमच्या घरी उडदाच्या किलोभर पिठाला ५० ग्रॅम मीठ पडते. म्हणजे पापडात ते शेकडा ५ च्या जवळपास झाले, आणि पापडखाराचे सोडियम वेगळेच. नखाएवढा, अर्ध्या ग्रॅमचा तुकडा घेतला तरी त्यात २५ मिलिग्रॅम मीठ येते. बजरीगराची दिवसाची गरज त्यात भागून वर उरते. अशा एका तुकड्याने पाखरू मरणार नाही. पण दिवसातून चार जणांनी चार तुकडे दिले, आणि पाण्याची वाटी कोरडी राहिली, तर?

बटाट्याचे वेफर, शेव, चिवडा, खारे शेंगदाणे, खारी बिस्किटे यांचे तेच. पावातही शेकडा एकाच्या आसपास मीठ असते, ते जिभेला जाणवत नाही एवढेच. लोणच्याविषयी तर बोलायलाच नको. विकतच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियम किती हे छापलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते.

दुसरा गैरसमज समुद्रफेसाविषयी. पिंजऱ्यात अडकवतात तो पांढरा, हलका तुकडा म्हणजे माकूल जातीच्या समुद्रजीवाच्या अंगातले कवच. तो समुद्रातून येतो म्हणून त्याला मिठाचा खडा समजतात. वास्तविक तो मुख्यतः चुन्याचा असतो आणि कॅल्शियमसाठी देतात. ताजा मिळाला तर तो गोड्या पाण्यात भिजवून, वाळवून द्यावा. सैंधवाचा खडा टांगण्याची मात्र गरज नाही. रिकामपणी पाखरू तोच कुरतडत बसते, आणि किती खाल्ले हे कळत नाही.

मग सोडियम मिळायचे कोठून? नुसत्या राळ्या-बाजरीत ते फार थोडे असते हे खरे. परंतु धुतलेला पालक, कोथिंबीर, अधूनमधून हरभऱ्याच्या दाण्याएवढे उकडलेले बिनमिठाचे अंडे यांतून ते मिळते. अंड्याच्या १०० ग्रॅमांत सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे ग्रॅमभर अंड्यात एक-दीड मिलिग्रॅम. पाखराच्या मापाला हेच शोभते. समतोल तयार खाद्य देत असाल तर त्यात ते घातलेलेच असते, वरून काही नको.

आणि चुकून मीठ जास्त गेलेच तर? खारट पदार्थ किंवा पाणी लगेच काढावे, ताजे गोडे पाणी थोडे थोडे, वारंवार द्यावे आणि पाखराला सावलीत, शांत जागी ठेवून पशुवैद्याकडे न्यावे. एकदम भरपूर पाणी चोचीत ओतू नये. आकसलेल्या मेंदूच्या पेशी झपाट्याने फुगल्या तर तेही घातक ठरते.

एक गोष्ट या निमित्ताने सांगितली पाहिजे. आपल्या रानातला राघू पिंजऱ्यात ठेवून त्याला डाळमिरची घालणे ही पुष्कळ घरांतली जुनी रीत. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पकडणे आणि पाळणे गुन्हा आहे. त्याला मीठ किती द्यावे या प्रश्नाचे उत्तर एकच, त्याचे अन्न त्याला रानात शोधू द्यावे.

निकाल

तर पाखराला मीठ चालते काय? चालते; किंबहुना लागते. परंतु त्याच्या अन्नात स्वभावतः असते तेवढेच. वरून घातलेले मीठ चालत नाही, आणि पाण्यात घातलेले तर मुळीच नाही. कारण ताटात खारट घास आला तर पाण्याने निभावता येते. पाणीच खारट झाले तर पिंजऱ्यातल्या पाखराने जायचे कोठे? रानातले पाखरू दुसऱ्या ओढ्यावर जाईल. पिंजऱ्यातल्यापुढे आपण ठेवलेली एकच वाटी असते.

निळी कशाने गेली हे मी खात्रीने सांगू शकत नाही. शवपरीक्षा झाली नाही, आणि त्या आठवड्यातले ऊन असे होते की त्यानेही पाखरू जावे. हिरव्याने तेच पाणी प्याले आणि तो जगला. न्यायालयात मला संशयाचा फायदा मिळेल. पण वर मांडलेला हिशेब माझ्याच हातचा आहे, आणि तो फायदा घ्यावा असे मला वाटत नाही.

आजीला मी हे सगळे वाचून दाखवले. मिठाने पिसे झडतात याला आधार सापडला नाही हेही सांगितले. ती म्हणाली, "नसन झडत पखं. पण नको म्हटलं होतं ना मी?" तिचे कारण चुकले होते, सल्ला बरोबर होता. माझे कारण पुस्तकी होते आणि कृती चुकली होती. कॉलेजात शिकणाऱ्या आम्हा मुलामुलींना हे अंतर लक्षात ठेवण्यासारखे वाटते, म्हणून लिहिले.

हिरव्याची वाटी आता मी दिवसातून दोनदा धुते. पाणी साधे, माठातले.